नारळाआधीचा थांबा

दसरा जवळ आला की पनवेल, पेण, अलिबाग, महाड, कुठल्याही गावातल्या मोटारींच्या शोरूमसमोर एकसारखे दृश्य दिसते. धुऊन-पुसून उभ्या केलेल्या गाडीच्या बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक, पुढे झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. गुरुजी मंत्र म्हणतात, घरातली वडीलधारी बाई औक्षण करते, नारळ फुटतो, मालकाच्या हाती किल्ली येते आणि गाडी लिंबू चिरडून रस्त्याला लागते. पहिली फेरी बहुधा पालीच्या बल्लाळेश्वराला किंवा महडच्या वरदविनायकाला असते. या विधीबद्दल आपल्याकडे दोनच मते ऐकू येतात. एक म्हणते, ही श्रद्धा आहे, तिच्यात तर्क आणू नका. दुसरे म्हणते, ही अंधश्रद्धा आहे, लोखंडाला कुंकू कळत नाही. दोन्ही मते एकच गोष्ट गृहीत धरतात, की पूजा गाडीची असते आणि ती गाडी राखण्यासाठी असते. मला हे गृहीतच चुकीचे वाटते. आपल्या परंपरेत वाहनाची, हत्याराची आणि अवजाराची पूजा होती ती ते बाळगणाऱ्या माणसाला बांधणारी. या पूजेचा गाभा होता थांबणे. आधी थांबायचे, मग नारळ, मग पुन्हा चालू. मोटारीच्या पूजेने नारळ ठेवला आणि थांबणे गाळले. ते कसे गळाले हे समजण्यासाठी मोटार आपल्याकडे कुठल्या दुकानातून आली आणि त्या दुकानाने नेमके काय विकले, हे पाहावे लागते.

मराठी मुलखात यंत्रवाहनाच्या दुकानदारीची सुरुवात सांगताना बेळगावच्या सायकलींपासून सांगावे लागते. १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे थोरले बंधू रामूअण्णा यांनी तिथे सायकलीचे दुकान काढले. लक्ष्मणराव तेव्हा मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. ते मुंबईहून माल पाठवीत आणि रामूअण्णा बेळगावात तो विकत, वर गिऱ्हाइकाला सायकल चालवायलाही शिकवत. बेळगावातला किर्लोस्कर रोड आजही त्या घराण्याचे नाव सांगतो. हे दुकान वाढत वाढत कारखाना झाले आणि १९०३ च्या सुमारास तिथून लोखंडी नांगर बाहेर पडला. तो शेतकरी घेईनात. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी समजूत होती, आणि पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. हा दाखला मी मुद्दाम आधीच मांडतो, कारण तो माझ्या प्रतिपादनाला सोयीचा नाही. धर्मभावनेच्या नावाखाली यंत्राला झालेला विरोध पुष्कळदा निव्वळ अज्ञान असतो, आणि तिथे बुद्धिवाद्यांचे म्हणणे शंभर टक्के खरे ठरले आहे. लोखंडी नांगराने जमीन बाटली नाही, खोल नांगरली गेली. तेव्हा यंत्र अपवित्र आहे, असे मला म्हणायचे नाही. यंत्र आल्यावर त्याच्याभोवतीचा आपला आचार कसा बदलला, एवढाच माझा प्रश्न आहे.

सायकलीकडून मोटारीकडे जाण्याची पायरी मुंबईत एका पेढीच्या नावातच दिसते. १९१९ साली स्थापन झालेली बॉम्बे सायकल अँड मोटर एजन्सी ऑपेरा हाउसच्या नाक्यावर, आजच्या सरदार वल्लभभाई पटेल मार्गावर उभी राहिली. हा मार्ग म्हणजे जुना सँडहर्स्ट रोड, आणि त्याची जन्मकथा ध्यानात घेण्यासारखी आहे. १८९६ च्या प्लेगनंतर शहरात हवा खेळावी म्हणून १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नेमला गेला. त्याने गिरगाव चौपाटीकडून आत, दाट वस्ती फोडून हा रुंद रस्ता नेला. रोगाची भीती आधी आली, तिच्यापोटी रुंद रस्ता आला, आणि रुंद रस्त्याच्या कडेला मोटारीचे दुकान आले. बाजूला रॉयल ऑपेरा हाउस, पलीकडे गिरगावच्या चाळी, अलीकडे लॅमिंग्टन रोड. ज्या गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसत होता, त्याच्या हाकेच्या अंतरावर आता काचेआड मोटार बसली. त्या आधी मुंबईच्या रस्त्यावर भाड्याच्या टॅक्सी आल्या होत्या, १९११ पासून. १९१४ मध्ये साऱ्या हिंदुस्थानसाठी मोटार वाहनांचा कायदा झाला. एजन्सी निघाली त्याच १९१९ साली मोटारमालकांची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन स्थापन झाली. १९२८ च्या अखेरीस जनरल मोटर्सने शिवडीला सुट्या भागांतून गाड्या जुळवायला सुरुवात केली. पुढे ऑपेरा हाउसभोवती सुट्या भागांचा मोठा बाजार भरला. म्हणजे एका पिढीच्या आत दुकान, कायदा, संघटना आणि कारखाना अशी सगळी चौकट उभी झाली. या चौकटीत परवाना होता, कर होता, दुरुस्ती होती. वाहन कधी उभे राहील, हे सांगणारे मात्र तिच्यात कोणी नव्हते.

गिरगावात त्या काळी कोकणातली माणसे दाटून राहत होती आणि त्यात अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धनची पुष्कळ. त्यांचा गावचा रस्ता पाण्यातून जात होता. भाऊच्या धक्क्यावरून बोट निघे, रेवसला किंवा धरमतरला लागे, आणि तिथून पुढे पायी किंवा बैलगाडीने. ही बोट माणसाच्या मर्जीने सुटत नसे. भरतीला पाणी चढले तरच खाडीत बोट शिरणार. पावसाळा लागला की समुद्र खवळणार. वेळापत्रक कंपनीचे असले तरी अखेरचा शब्द समुद्राचा असे. ऑपेरा हाउसच्या दुकानातून जो माणूस मोटार घेऊन निघाला, त्याने पत्रा, चामडे आणि इंजिन तर घेतलेच, पण मला वाटते त्याहून मोठी वस्तू घेतली ती म्हणजे भरती-ओहोटीपासूनची सुटका. रेल्वेला गार्डाची शिट्टी होती, बोटीला भरती होती, बैलाला थकवा होता. मोटार ही पहिली अशी गोष्ट की जिच्या मालकाला कोणाचीच वाट पाहावी लागत नाही. बारा वाजता मनात आले, सव्वाबाराला निघाला. या सुखाला मी नाके मुरडत नाही. रात्री-अपरात्री बाळंतीण दवाखान्यात पोहोचते ती याच सुखामुळे. पण हे आजवर न मिळालेले सुख हाती आले आणि त्याच्यासोबत, कोणाच्या ध्यानातही न येता, थांबण्याची सगळी नैसर्गिक ठिकाणे नाहीशी झाली. धर्माचे काम खरे म्हणजे इथून सुरू व्हायला हवे होते. निसर्ग थांबवत होता तोवर धर्माने थांबवण्याला फक्त अर्थ द्यायचा होता. निसर्गाने हात काढून घेतल्यावर थांबवण्याची जबाबदारीही त्याच्यावर आली. आपला धर्माचार या जागी कमी पडला, असे मला म्हणायचे आहे.

धर्म कसा थांबवत होता याचे दाखले शोधायला रायगडच्या किनाऱ्यासारखी दुसरी जागा नाही. पहिला दाखला कोळीवाड्यांचा. नारळी पौर्णिमेला कोळी दर्याला नारळ अर्पण करतो, होडी सजवतो, तिची पूजा करतो. आपण या सणाचे चित्र काढतो ते नारळ, नाच आणि रंगीत पताकांचे. पण या सणाचा खरा पाया त्याच्या आधीच्या दोन-अडीच महिन्यांत आहे. जेठ-आषाढात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात. जाळी विणली जातात, डागडुजी होते, घरात सुक्या मासळीवर भागवले जाते. तो काळ समुद्र उधाणाचा आणि पुष्कळ मासळीच्या विणीचाही. नारळ हा या थांब्याचा शेवट आहे. आधी होडी थांबली म्हणून नारळाला अर्थ आला. न थांबता कोणी नारळ टाकला असता तर कोळीवाड्याने त्याला सण म्हटलेच नसते.

दुसरा दाखला शनवार तेल्यांचा. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि त्यांच्यापासून आपला समाज वाढला, असे बेने इस्राएल हे इथले यहुदी लोक सांगतात. त्यांची पुरातन दफनभूमी नवगावला आहे. त्यांची आडनावे अजून या किनाऱ्याचा नकाशा वाचून दाखवतात: नवगावकर, केहिमकर, चेऊलकर, रोहेकर, पेणकर, अष्टमकर. हाइम सॅम्युएल केहिमकरांनी १८९७ च्या सुमारास या समाजाचा सविस्तर इतिहास लिहिला, तो १९३७ मध्ये छापला गेला. या लोकांचे धर्मग्रंथ हरवले होते, हिब्रू विसरली होती, त्यांना शिकवायला शतकानुशतके कोणी धर्मगुरू नव्हता. त्यांनी तेलाचा धंदा धरला, मराठी बोलले, शेजाऱ्यांसारखे नेसले. तरीही शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. गावाने त्यांना ओळखले ते याच एका गोष्टीने, आणि नाव दिले शनवार तेली. मला या नावाची थोरवी फार वाटते. ग्रंथ गेला, भाषा गेली, मंदिर नव्हते, पण घाणा थांबवण्याचा दिवस राहिला आणि त्या एका दिवसाच्या धाग्याला धरून समाज टिकला. घाण्याला बैल जुंपलेला असे, हेही इथे विसरू नये. तेली थांबला की बैल थांबे. यहुदी धर्माच्या दहा आज्ञांत शब्बाथाचा, म्हणजे शनिवारचा, विसावा सांगताना मालकाबरोबर त्याचे नोकर, त्याची गुरे आणि दारी आलेला परका माणूस यांचीही नावे आहेत. आज्ञा वाचता न येणाऱ्या तेल्याने ती बैलापर्यंत पाळली होती.

याच आज्ञेपुढे मोटार आली तेव्हा जगभरच्या यहुद्यांना मोठा पेच पडला. इंजिनात ठिणगी पडते, आणि शब्बाथाला आग पेटवणे वर्ज्य. म्हणून कर्मठ पंथाने गाडी चालवणे सरळ निषिद्ध मानले. अमेरिकेत लोक उपनगरांत पांगले, प्रार्थनास्थळ लांब पडले, तेव्हा तिथल्या कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या धर्मशास्त्र्यांनी १९५० मध्ये फक्त प्रार्थनेला जाण्यापुरती मोटारीची मुभा दिली. त्यावर आजही वाद आहे. टीकाकारांचे म्हणणे असे की चालत जाण्याच्या अटीमुळे माणसे प्रार्थनास्थळाच्या आसपास घरे करीत, ती अट सुटताच शेजार विस्कटला. कोण बरोबर, हे ठरवण्याचा मला अधिकार नाही. मात्र मोटार समोर येताच त्यांनी विचारलेला प्रश्न हा होता की ही कधी उभी राहावी. आपण विचारलेला प्रश्न होता की हिच्या पूजेचा मुहूर्त कोणता. एकाच यंत्रापुढे दोन समाजांनी दोन प्रश्न विचारले, आणि पहिला प्रश्न विचारण्याची परंपरा आपल्याही घरात होती, हे आपण विसरलो.

कारण तिसरा दाखला आपल्याच गोठ्यातला आहे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी घाटावरचा शेतकरी बैलाची खांदेमळणी करतो. जिथे वर्षभर जू टेकले तो खांदा तूप-हळदीने चोळतो. दुसऱ्या दिवशी बैलाला जुंपायचे नाही, त्याच्यावर चाबूक उगारायचा नाही, त्याला पुरणपोळी आधी आणि माणसाला नंतर. मोटारीच्या आधी आपल्या समाजाचे मुख्य वाहन बैलच होता, तेव्हा ही आपली मूळ वाहनपूजा. तिच्यात बैलाकडे काही मागितलेले नाही. मला सुखरूप ने, असेही म्हटलेले नाही. तुझ्या खांद्याला जे पडले ते मला ठाऊक आहे आणि आज मी ते उतरवतो, एवढेच या विधीचे सांगणे. खंडेनवमीचेही तसेच. हत्यारे आणि अवजारे पुसून पाटावर मांडतात, आणि कित्येक कारागिरांच्या घरी त्या दिवशी त्यांना कामासाठी हात लावत नाहीत. सुताराचा रंधा एरवी लाकडावर असतो, त्या दिवशी पाटावर असतो. खाली ठेवल्याशिवाय पूजा करता येत नाही, ही त्या विधीतली साधी, शारीरिक गोष्ट आहे. कठोपनिषदात शरीराला रथ म्हटले आहे, बुद्धीला सारथी आणि मनाला लगाम. रथाच्या वर्णनात लगामाला स्वतंत्र जागा देणाऱ्या परंपरेला थांबण्याचे महत्त्व नव्याने शिकवावे लागू नये.

अलिबागजवळ खंडाळ्याला एक खडक आहे. एलियाहू हन्नाबी, म्हणजे एलिया प्रेषित, इथे आले होते आणि त्यांच्या घोड्याच्या टापांची आणि रथाच्या चाकांची खूण त्या कातळावर उमटली आहे, अशी बेने इस्राएलांची श्रद्धा आहे. तिथे ते मलिद्याचे ताट ठेवतात. गोड पोहे, नारळ, फळे. दर्याला नारळ देणाऱ्या कोळ्याच्या शेजारात हा नारळ अगदी आपला वाटतो. खूण कोणाची, हा इतिहासाचा प्रश्न मी बाजूला ठेवतो. श्रद्धेने त्या कातळावर जे पाहिले ते असे की दिव्य रथ इथे टेकला. धावणाऱ्या रथाचे चाक दगडावर खूण सोडत नाही.

आता पुन्हा शोरूमच्या दारात या. तिथल्या विधीत पोळ्याचे कुंकू आहे, खंडेनवमीचे झेंडू आहेत, कोळ्याचा नारळ आहे. एकच गोष्ट नाही. गाडी अजून एक मैलही चाललेली नाही, तेव्हा तिच्या थकण्याचा प्रश्न नाही. मालक अजून काहीच सोडत नाही, उलट त्याला नुकते मिळाले आहे. आणि विधीचा शेवट होतो तो चाकाखालचे लिंबू चिरडून गाडी सुटण्यात. जुन्या पूजांत थांबल्यानंतर सुरुवात होती. इथे सुरुवातच तेवढी उरली. साडेतीन मुहूर्तांवर गाड्या ताब्यात देण्याचे वेळापत्रक आठवडे आधी आखले जाते, गुरुजींची, हाराची, पेढ्यांची सोय दुकानच करते. दुकानदाराला मी दोष देत नाही. गिऱ्हाइकाला हवे ते तो देतो, आणि आनंदाच्या क्षणाला देवाचे नाव घ्यावेसे वाटणे ही चांगलीच गोष्ट आहे. पण विक्रीच्या सोबत मिळणारी पूजा घेणाऱ्यावर कसलीच अट घालू शकत नाही, हे उघड आहे.

यावर पहिला आक्षेप बुद्धिवादी घेईल. सावरकरांनी १९३०च्या दशकात किर्लोस्कर मासिकात विज्ञाननिष्ठेचा जो पुरस्कार केला, त्यात यंत्राला फक्त भौतिक नियम कळतात, पूजा-प्रार्थना कळत नाही, हा रोखठोक विचार होता. बेळगावच्या सायकलीच्या दुकानातून वाढलेल्या घराण्याच्याच मासिकात तो छापला गेला, हे योग्यच झाले. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि या किनाऱ्याजवळ त्याचा फार दुःखद पुरावा आहे. स्वदेशीच्या ऊर्मीतून चाललेल्या बोटींना संतांची नावे दिली होती. 'तुकाराम' बोट १९२७ साली बुडाली. 'रामदास' बोट १७ जुलै १९४७ रोजी, आषाढ अमावास्येला, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि काशाच्या खडकाजवळ सहाशेहून अधिक माणसे घेऊन तळाशी गेली. नाव रामदासांचे होते, बोटीत भाविक कमी नव्हते, पण ऐन पावसाळ्याचा समुद्र होता. कोळी ज्या महिन्यात होडी शाकारून ठेवतो, त्या महिन्यात ती बोट भरून निघाली होती. सावरकरांचा आक्षेप या ठिकाणी पूर्ण लागू पडतो, कारण नावाने बोट राखली जात नाही. पण त्याच समुद्रावरच्या कोळ्याच्या आचाराला तो आक्षेप स्पर्शही करत नाही. होडी राखली गेली ती नारळाने, असे म्हणणे चूक. होडी राखली गेली ती आषाढात किनाऱ्यावर असल्याने, आणि ती किनाऱ्यावर राहिली त्यात नारळी पौर्णिमेच्या दंडकाचा वाटा होता. पूजा वस्तूवर काम करत नाही, पूजा करणाऱ्यावर करते. बुद्धिवादाने पहिल्या दाव्याचे खंडन केले, दुसऱ्याकडे त्याचे लक्षच गेले नाही.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे, आणि त्याचे उत्तर देताना मला काही सोडावे लागेल. कोणी म्हणेल, कोळी थांबत होता तो नाइलाजाने. शिडाच्या होडीला आषाढाचा वारा झेपत नव्हता, इतकेच. त्याला धर्माचा मुलामा तुम्ही नंतर देता. पुरावा हवा असेल तर इंजिन आल्यावर काय झाले ते पाहा. यांत्रिक बोटी आल्या, उधाणातही बाहेर पडता येऊ लागले, आणि पुष्कळांनी पौर्णिमेची वाट पाहिली नाही. शेवटी सरकारला १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा करावा लागला. आज १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते ती कायद्याने. हे खरे आहे. निव्वळ परंपरा इंजिनापुढे टिकली नाही, हे मी कबूल करतो, आणि जिथे हजारोंचे हित गुंतले आहे तिथे कायदा हवाच. पण पुढची गोष्टही पाहा. बंदी नारळी पौर्णिमेपर्यंत वाढवा, अशी मागणी पारंपरिक मच्छीमारांनीच वेळोवेळी केली आहे. सरकारी तारखेहून आपल्या सणाची तारीख समुद्राला अधिक मानवते, असे त्यांचे म्हणणे. दंड भरावा लागू नये म्हणून थांबणारा माणूस थांबा लांबवायला सांगत नाही. थांबण्याची कल्पना ज्या समाजाच्या पंचांगात होती त्याला कायदा परका वाटला नाही. मोटारीच्या समाजाच्या पंचांगात तशी कल्पनाच नाही, म्हणून तिथला प्रत्येक नियम, वेगाचा असो की वाहनबंदीचा, जाच वाटतो. आणि शनवार तेल्याचा तर नाइलाजही नव्हता. शनिवारी घाणा चालला असता, तेल निघाले असते, पैसे मिळाले असते. दर सातव्या दिवशी त्याने ते सोडले.

तिसरा आक्षेप भाविकाचा आहे, की आमची पूजा कृतज्ञतेची आहे, तिला अटी कशाला घालता. कृतज्ञतेबद्दल माझे भांडण नाही. पण कृतज्ञता कोणाबद्दल, हे विचारायला हवे. पोळ्यात ती बैलाच्या खांद्याबद्दल होती. गाडीच्या पूजेत ती माझ्या गाडी घेण्याच्या ऐपतीबद्दल असेल, तर तिचे दुसरे नाव समाधान आहे.

चौथा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. मोटार थांबवली की भार कोणाच्या तरी खांद्यावर जातो, आणि तो खांदा गरिबाचा असतो. याचा दाखला रायगड जिल्ह्यातच आहे. माथेरानला मोटारींना बंदी आहे, गाड्या दस्तुरी नाक्यावर उभ्या राहतात. २००३ पासून तो प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर आहे. तिथली शांतता आणि झाडी या बंदीने राखली. पण त्याच बंदीच्या आड माणसाने माणसाला ओढायच्या हातरिक्षा राहिल्या, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाला ही प्रथा अमानुष ठरवून ती सहा महिन्यांत बंद करायला सांगावे लागले. थांबण्याचे गुणगान करणाऱ्या प्रत्येकाने हा निकाल पुढ्यात ठेवावा. याचे उत्तर मला पोळ्यात आणि शब्बाथात सापडते. दोन्हींत विसावा खालून वर जातो. आधी बैल, आधी नोकर, मग मालक. मालकाचे थांबणे दुसऱ्याला जुंपून साधले असेल तर त्या परंपरेच्या हिशेबी ते थांबणेच नव्हे. या कसोटीवर माथेरानची हातरिक्षा चूक ठरते, आणि सणाच्या दिवशी गाडी मंदिरात न्यायला रजा नाकारून बोलावलेला चालकही या कसोटीत येतो. ऑपेरा हाउसच्या काळातल्या मोटारमालकाला बहुधा चालक लागे, आजही लाखो घरांत आहे. खंडेनवमीला गाडीला हार पडतो आणि चालक तिच्याशेजारी उभा असतो, तेव्हा खांदेमळणी कोणाची व्हायला हवी, हे वेगळे सांगायला नको. राहता राहिली अडीअडचण. जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडावा, असे यहुदी धर्मशास्त्र स्वतःच सांगते. रुग्णवाहिका, एसटी, दूधगाडी थांबावी, असे कोणीच म्हणत नाही. प्रश्न मर्जीच्या फेरीचा आहे.

आणि तो प्रश्न या किनाऱ्यावर आता तातडीचा झाला आहे. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारीच बोटीत चढून येतात. जानेवारी २०२४ मध्ये जवळपास २२ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. तो निघतो त्याच शिवडीहून, जिथे १९२८ साली गाड्या जुळवल्या जात होत्या, आणि उतरतो रायगडात. मुंबई आणि अलिबाग यांच्यामध्ये शतकानुशतके जी भरती-ओहोटी उभी होती ती पूर्णपणे ओलांडली गेली. सुट्टी लागली की वडखळपासून अलिबागपर्यंत रांगा लागतात. त्या रांगेत गाडी उभी असते, पण ती थांबलेली नसते. रस्त्याला ऋतू नसतो, असे आपण समजतो. १९२८ सालीच बांधलेला सावित्री नदीवरचा महाडचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला, दोन एसटी गाड्या आणि इतर वाहने माणसांसह नदीत गेली. त्यात चालकांचा दोष काडीइतकाही नव्हता, पूल वाहतुकीसाठी खुला होता. थांबा सांगायला कोणी नव्हते. आषाढ-श्रावणात या मुलखात प्रवासाला सीमा असते हे ज्ञान कोळ्याच्या पंचांगात होते. महामार्गाच्या व्यवस्थेत ते तेव्हा नव्हते.

यंत्र आणि धर्म यांची सांगड घालताना याच मुलखातले विनोबा आठवतात. त्यांचा जन्म पेण तालुक्यातल्या गागोद्याचा. १९५१ पासून तेरा वर्षे ते भूदानासाठी देशभर पायी फिरले. म्हणून ते यंत्राचे वैरी होते असे कोणी समजेल, तर ते चूक आहे. विज्ञान हवे, भरपूर हवे, असेच ते सांगत, आणि विज्ञान-अध्यात्माचे नाते समजावताना त्यांनी मोटारीचाच दृष्टांत घेतला. मोटारीत वेग देणारे एक यंत्र असते आणि दिशा देणारे दुसरे. वेग विज्ञानाने द्यावा, दिशा आत्मज्ञानाने. दृष्टांत अचूक आहे, तरी त्यात मला एका भागाची भर घालावीशी वाटते. मोटारीत ब्रेकही असतो, आणि दिशा बरोबर असतानाही तो लागतो. स्वतः विनोबांचे पायी चालणे हा त्यांच्या आयुष्यातला ब्रेक होता. हिंदू घरातल्या वाहनपूजेला पुन्हा धर्म म्हणायचे असेल तर तिला हा भाग जोडावा लागेल, आणि तो बाहेरून आणायचा नाही. तो पोळ्यात आहे, शाकारलेल्या होडीत आहे, नवगावच्या तेल्याच्या बंद घाण्यात आहे.

म्हणून या वर्षी ज्यांच्या दारात गाडी आहे त्यांना विनंती आहे. खंडेनवमीला गाडी धुवा, पुसा, हार घाला, आणि त्या दिवशी ती दारातच उभी ठेवा. चालक असेल तर त्याला पगारी सुट्टी द्या. देवळात जायचे असेल तर एसटीने जा, जवळ असेल तर चालत. किल्ली देव्हाऱ्यात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, नारळ फोडून उचला.